वरचं ताट

मोठ्या बाबांना उभ्या आयुष्यात कुणाचं नाव लक्षात राहिलं नाही. त्यामुळं ते नावं विसरायला लागले, हे आमच्या घरात कुणाला कळलंच नाही.

मोठे बाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. शहरातल्या एका वसतिगृहात ते स्वयंपाकी होते. आसपासच्या तालुक्यांतली पोरं तिथं राहून शिकायची. दरवर्षी जुनी जायची, नवी यायची. एवढी नावं कोण पाठ करणार? मोठ्या बाबांनी सोपी वाट काढली, पोराला गावाच्या नावानं हाक मारायची. "ए फुलंब्री, कांदा चीर." "काय रे सिल्लोड, पुन्हा वाढू का?" एकाच गावची दोन असली की एक थोरलं, एक धाकटं. ही सवय त्यांनी घरीही आणली. माझी बायको पैठणची, ती लग्न होऊन उंबऱ्याच्या आत आली तेव्हापासून 'पैठण' झाली. मी मुकुंदवाडीतल्या आमच्या याच घरात जन्मलो, म्हणून मी 'मुकुंदवाडी'. अख्खी मुकुंदवाडी माझ्या एकट्याच्या नावावर करणारा तो एकमेव माणूस. एरवी माझ्या नावावर एक स्कूटर आहे आणि तीही शेजाऱ्यानं ढकलल्याशिवाय चालू होत नाही.

वारांचंही तसंच. वसतिगृहात सोमवारी मटकी, मंगळवारी वांगं, शुक्रवारी पिठलं. निवृत्त होऊन घरी बसले तरी त्यांनी तो बेत आमच्या स्वयंपाकघरात चालू ठेवला. बायकोनंही हरकत घेतली नाही. रोज काय करायचं हा विचार वाचतो, हे तिला पहिल्याच आठवड्यात उमगलं होतं. माझ्या मुलीला शाळेत वार विचारले तर ती मनात आधी भाज्या म्हणायची.

पण त्यांची खरी सवय होती ती वरच्या ताटाची.

"माणसं मोजायची अन् वर एक धरायचं," हा त्यांचा नियम. वसतिगृहात त्याला कारण होतं. कुठलं तरी पोर दाखल्यासाठी, परीक्षेसाठी गावाकडून न कळवता यायचं. पत्र्याची पेटी घेऊन यायचं, भिंतीला टेकून बसायचं, आणि विचारलं तर म्हणायचं, जेवून आलोय.

"उपाशी माणूस सांगत नाय," मोठे बाबा म्हणायचे. "भिताडाला टेकून बसतो. भिताडाकडं बघायचं, तोंडाकडं नाय."

ते स्वतः फुलंब्रीकडच्या खेड्यातून चालत शहरात आले, तेव्हा पहिल्या दिवशी असेच कुठल्या तरी भिंतीला टेकून बसले होते. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं. त्या दिवशी कुणी जेवायला घातलं का, हे मी विचारलं तर म्हणाले, "डाळ उतू चालली बघ," आणि उठून गेले. गॅसवर डाळ नव्हतीच.

त्यांना मूलबाळ नव्हतं. मोठी आई होती तेव्हाही आणि ती गेल्यावरही आमचंच घर त्यांचं घर होतं, आणि आमच्या घरातही रोज रात्री एक ताट वरचं वाढलं जायचं. ते ताट भिंतीकडच्या बाजूला मांडायचं. पाहुणा आला तर त्याचं. बहुतेक वेळा कुणी यायचं नाही. मग सगळ्यांचं झाल्यावर ते ताट मी संपवायचो. लहानपणी अन्न वाया जाऊ नये म्हणून, तरुणपणी भूक म्हणून आणि चाळिशीनंतर निव्वळ तत्त्व म्हणून. माझ्या आजच्या देहाचा अर्धा भाग आईवडिलांनी घडवलाय, उरलेला त्या ताटानं.

आता गंमत बघा. त्यांना नसलेलं दिसायला-भासायला लागलं तेव्हा या ताटामुळंच ते आमच्यापासून लपून राहिलं. ताट मांडताना ते म्हणायचे, "बसा, बसा, लाजू नका." आम्हाला वाटायचं, जुनी सवय. "पाणी घ्या," म्हणायचे. आम्हाला वाटायचं, मलाच म्हणतायत. मी पाणी घ्यायचो. असं किती महिने चाललं कुणास ठाऊक. सगळ्यांचं आटोपलं की मी भिंतीकडं सरकायचो आणि पुरावा खाऊन टाकायचो.

एके दिवशी मंगळवारचं वांगं होतं. मी नेहमीसारखा वरच्या ताटाला हात घातला, तर मोठ्या बाबांनी माझ्या मनगटावर सपकन मारलं. जन्मात पहिल्यांदा.

"त्यांचं हाय ते!"

"कुणाचं, मोठे बाबा?"

"कुणाचं म्हणजे? हे काय, दोघं बसलेत समोर. कवाचे बसलेत. पेट्या पण खाली ठेवल्या नायत."

मी भिंतीकडं पाहिलं. भिंतीला एक कॅलेंडर होतं आणि खाली माझी ऑफिसची बॅग. बायकोनं माझ्याकडं पाहिलं. मी हात मागं घेतला. त्या रात्री ते ताट पहिल्यांदाच तसंच राहिलं, आणि मोठे बाबा स्वतःशी पुटपुटत झोपायला गेले, "जेवत का नायत ही लेकरं?"

दुसऱ्या दिवशी मी फोन घेऊन बसलो. आमच्या घरात कुणाला काही झालं की आधी मी फोनवर शिकतो, मग डॉक्टर शिकतात, असा क्रम आहे. डिमेन्शियाचे प्रकार वाचत गेलो. खोलीत कशाला आलो ते न आठवणं. तीच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगणं. किल्ली भलत्याच जागी ठेवणं.

"अगं," मी बायकोला म्हटलं, "हे तर सगळं मलाच आहे."

"तुम्हाला लग्नाच्या आधीपासून आहे," ती म्हणाली. "आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, एवढंच."

नातेवाइकांनाही लगेच आजाराचं नाव हवं होतं. जो फोन करी तो विचारी, "काय निघालं?" जसं काही पोटातून नाणं निघायचं होतं. खरं सांगायचं तर मलाही नावच हवं होतं. नाव कळलं की औषध कळेल, औषध कळलं की मोठे बाबा पुन्हा पहिल्यासारखे होतील, असं माझं साधं गणित. फक्त पहिले मोठे बाबा नेमके कसे होते, याचं उत्तर द्यायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं.

पहिले डॉक्टर मोठे होते, भले होते आणि बाहेर भरपूर गर्दी होती. त्यांनी मोठ्या बाबांना समोर बसवलं.

"बाबा, आज वार कोणता?"

"वांग्याचा."

डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं. मी घाईघाईनं म्हणालो, "बरोबर आहे साहेब. मंगळवार."

"हे कोण आहेत?" डॉक्टरांनी माझ्याकडं बोट केलं.

"मुकुंदवाडी."

"राहता कुठं ते नाही विचारलं बाबा. हा माणूस कोण?"

"माणूसच सांगितला की," मोठे बाबा म्हणाले. मग मला हळूच, पण त्यांचा एक कान गेलेला असल्यामुळं सगळ्या दवाखान्याला ऐकू जाईल असं, "यांना कमी ऐकू येतंय का रे?"

मग कागद-पेन्सिल आली. घड्याळाचं चित्र काढा. मोठ्या बाबांनी एका दमात गोल काढला, इतका सुबक की नर्स वाकून बघायला आली. जन्मभर भाकऱ्या थापलेला हात तो. पण गोलात आकडे काढायला तयार होईनात. "पोराला भूक लागली का ते बघायचं. आकडे कामून पाहिजेत?" शाळा त्यांनी दुसरीत सोडली होती. हे मी सांगितलं, तेव्हा डॉक्टरांनी उसासा टाकून तो गोल बाजूला ठेवला.

मग त्यांनी मला प्रश्न विचारले आणि तिथं मी रंगात आलो. चाल बदलली आहे का? नाही साहेब, पहिल्यापासूनच पाय ओढत चालतात. चप्पल मोठी घ्यायची सवय आहे. 'पाय वाढला तर?' म्हणतात. झोपेत हातपाय हलवतात का? ते तर पहिल्यापासूनच, साहेब. झोपेत भाकऱ्या थापतात. मोठी आई म्हणायची, रात्रभर माझ्या पाठीवर भाकऱ्या पडतात, सकाळी फक्त पलटायची राहते. डॉक्टर हसले, मीही हसलो. नावं विसरतात? पहिल्यापासूनच. नसलेल्या माणसाला वाढतात? ताट तर पहिल्यापासूनच आहे साहेब, माणसं मात्र आता दिसायला लागलीत.

मेंदूचा फोटो काढला. मेंदू वयाप्रमाणे सुकलेला, बारीक रक्तवाहिन्या जागोजाग बुजलेल्या. डॉक्टर म्हणाले, रक्तवाहिन्यांमुळं असेल, अल्झायमरही असू शकेल, या वयात ठाम सांगता येत नाही. दिसतंय ते थांबायला एक गोळी देतो.

गोळीनं काम केलं. भिंतीजवळची पोरं निघून गेली. आणि त्यांच्या मागोमाग मोठे बाबाही निघाले. दिवसभर झोपायचे. मान खाली पडायची. एवढा सुबक गोल काढणारा हात लाकडासारखा झाला, घास तोंडापर्यंत जाईना. बायको भरवायची. मी फोन करणाऱ्यांना सांगायचो, "आता शांत आहेत." त्या आठवड्यात कधीतरी जेवताना माझ्या लक्षात आलं की समोर आम्हा चौघांची चारच ताटं आहेत. वरचं कुणी मागितलंच नव्हतं.

"वाढू का एक?" बायकोनं विचारलं.

"कुणासाठी?" मी म्हणालो, आणि मग दोघांनाही जेवण गेलं नाही. माझ्या बाबतीत ही घटना किती गंभीर आहे, हे मला ओळखणाऱ्यांना सांगायला नको.

दुसऱ्या सकाळी बायकोनं मला न विचारता वयस्कर माणसांच्या एका डॉक्टरीणबाईंची वेळ घेतली. तरुण मुलगी, आमच्या लेकीपेक्षा थोडी मोठी. तिनं घड्याळबिड्याळ काही काढायला लावलं नाही. खुर्ची ओढून मोठ्या बाबांच्या चांगल्या कानाच्या बाजूला बसली आणि त्यांची बोटं हातात घेऊन मनगट हळूहळू वाकवत राहिली.

"बाबा, मैं खुलताबाद की," ती मोठ्यानं म्हणाली. "आप कहाँ के?"

मोठ्या बाबांची मान थोडी वर आली. कितीतरी दिवसांनी. "खुलताबाद," ते म्हणाले. "या, या. जेवला का?"

मग ती आमच्याकडं वळली. तेच प्रश्न. मी पुन्हा सुरू केलं, चाल पहिल्यापासूनच, झोपेत भाकऱ्या पहिल्यापासूनच...

"काका," तिनं मला थांबवलं, "पहिल्यापासून म्हणजे कधीपासून?"

मी मनात मोजायला लागलो. पहिल्यापासून म्हणजे माझ्या लहानपणापासून की मोठी आई जायच्या आधीपासून की मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर? आम्ही सगळे एकाच घरात राहत होतो, आणि कुणालाच माहीत नव्हतं.

बायको म्हणाली, "भाकऱ्यांचं खूप जुनं आहे. पण पाय एवढे नव्हते ओढत. चप्पल मोठी असायची, पाय नाही जड असायचे. आणि एखाद्या दिवशी एकदम चोख असतात, एखाद्या दिवशी सकाळीच रात्र झाली म्हणतात. मागं शुक्रवारी पिठलं समोर होतं आणि म्हणाले, वांगं कुठंय."

डॉक्टरीणबाईचं पेन थांबलं. "हे आधी सांगितलं होतं कुणाला?"

"मला कुणी विचारलंच नाही," बायको म्हणाली. "हेच बोलत होते."

मग त्या मुलीनं जे सांगितलं, ते मला फोननं कधी सांगितलं नव्हतं. विसरण्याच्या आजाराचे प्रकार असतात. साठीतल्या माणसात ते बरेचसे वेगवेगळे ओळखू येतात. नव्वदीच्या पुढं तसं होत नाही. "एक प्रकार थोडा, दुसरा थोडा, वर रक्तवाहिन्या. सगळे एकाच पंगतीला बसलेले असतात, काका. त्यात ऐकू कमी येतं, एका डोळ्यानं दिसत नाही. शाळा कमी झालेली, म्हणून आमच्या परीक्षा चालत नाहीत. आणि स्वभाव मुळातच असा, की नवीन काय आणि जुनं काय ते घरच्यांनाही सांगता येत नाही." एक प्रकार मात्र तिला दाट वाटत होता. त्याचं परदेशी नाव मला अजून नीट उच्चारता येत नाही. त्यात माणसं दिसतात, पाय जड होतात, झोपेत हात चालतात, एक दिवस चांगला जातो तर एक वाईट. "आणि त्यात ही गोळी सोसत नाही. खात्री मी नाही देऊ शकत. पण ही बंद करून बघू."

"म्हणजे नक्की नाव काय सांगू लोकांना?" मी विचारलं. मला वाटतं, हा माझ्या आयुष्यातला सगळ्यात निरुपयोगी प्रश्न असावा.

"सांगा, नव्वदी," ती म्हणाली. मग मोठ्या बाबांच्या कानाशी गेली. "बाबा, वो बच्चे दिखते थे ना, भिंतीजवळ? त्यांची भीती वाटायची का?"

"लेकरांची कामून भीती?"

"त्रास द्यायचे?"

मोठ्या बाबांनी डोळे मिटले. मला वाटलं, झोपले. मग म्हणाले, "जेवत नायत. एवढाच तरास."

त्या मुलीनं पेन खाली ठेवलं. त्यांच्या हातावर हात ठेवला. मग म्हणाली, या त्रासावर माझ्याकडं गोळी नाही.

गोळी बंद झाली. मान वर यायला, हात सुटायला दिवस लागले, पण मोठे बाबा परत आले. पूर्वीएवढे नाही, पण पुरेसे. आणि एका सोमवारी, मटकीच्या वासानं की कशानं, भिंतीकडं बघून म्हणाले, "आलात का? कुठं व्हता इतके दिस?" बायकोनं पाचवं ताट मांडलं. पदरानं डोळे पुसले आणि मला म्हणाली, कांद्यामुळं. मटकीत त्या दिवशी कांदा नव्हता.

डॉक्टरीणबाई म्हणाली होती, तो कोपरा अंधारा असेल तर उजेड करा, दिसणं कमी होतं कधीकधी. मी लगेच ट्यूबलाइट बसवली. पोरं उठून फ्रिजजवळ जाऊन बसली. फ्रिजच्या बाजूला दिवा लावला, तर परत भिंतीपाशी. शेवटी मी नाद सोडला. माझ्या घरात माझं कुणीच ऐकत नाही. तिथं या पोरांनी का ऐकावं?

नातेवाइकांनी "काय निघालं?" विचारलं की मी म्हणायचो, "नव्वदी." काही जणांना ते एखाद्या आजाराचं नाव वाटलं. एका मावसभावानं तर विचारलं, त्यावर पुण्यात इलाज आहे का?

तर असं पुढचं सगळं वर्ष गेलं, आणि ते वाईट गेलं असं मी म्हणणार नाही. मोठे बाबा अंगणात बसून लसूण सोलायचे. जवळच्या स्टेशनवर गाडी थांबली की "आता येतील बघ" म्हणायचे. वार चुकायचे, पण भाज्यांचा वास आला की हसायचे. मला कधी ओळखायचे, कधी नाही. एकच गोष्ट त्यांना खात राहिली. ताट रोज मांडलं जायचं आणि पोरं रोज उपाशी उठायची. ते मला आता त्या ताटाला हात लावू देत नव्हते. उरलेलं गल्लीतल्या कुत्र्याला जायचं. ते कुत्रं तेव्हा चांगलं सुधारलं आणि मी थोडा रोडावलो.

त्यातली एक संध्याकाळ सांगतो, म्हणजे मोठे बाबा कसे होते ते सांगून होईल.

ऑफिसातून आलो. स्कूटर निम्म्या रस्त्यात बंद पडली होती, ती ढकलत आणली होती. शर्ट घामानं चिकटलेला. आत येऊन जे बसलो ते तिथंच, भिंतीला टेकून, बॅग मांडीवर घेऊन. बायको आतून ताटं आणत होती. मोठे बाबा पाटावर बसले होते. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, आणि मला कळलं की आज मी ओळखू आलेलो नाही.

"कवा आलात?"

"आत्ताच," मी म्हणालो.

"कुठलं गाव?"

खोटं बोलवेना. "मुकुंदवाडी."

"मुकुंदवाडी!" त्यांना आनंद झाला. "मग आमच्या पोराला वळखत असाल."

"कोणतं पोर?"

"हाय एक. जाडजूड हाय. गुणाचा हाय, पर वरचं ताट रोज तोच खातो. त्याला वाटतं, म्हाताऱ्याला दिसत नाय." त्यांनी वरचं ताट दोन्ही हातांनी माझ्यापुढं सरकवलं आणि आवाज खाली आणला. "तो यायच्या आत जेवून घ्या."

बायको दारात थांबली होती. मी तिच्याकडं पाहिलं नाही. पाहिलं असतं तर जेवता आलं नसतं.

"मी जेवून आलोय," मी म्हणालो. तसंच म्हणतात ना.

"तोंडाकडं नाय बघत मी," मोठे बाबा म्हणाले. "खा."

मी खाल्लं. ते प्रत्येक घासाला माझ्या हाताकडं बघत होते. भाकरी संपली तर त्यांनी आपल्या ताटातली उचलून दिली. मी तीही खाल्ली. शेवटी ताट बोटानं पुसून घेतलं. मग वसतिगृहाचा नियम आठवला, ज्यानं त्यानं आपलं ताट धुवायचं. मी उठून मागं मोरीत गेलो, ताट धुतलं, तोंडावर पाणी मारलं, शर्ट बदलला आणि परत बाहेर आलो.

मोठ्या बाबांनी मान वर करून पाहिलं. चेहरा असा, की जणू वसतिगृहातली सगळी पोरं एकाच दिवशी पास झालीत.

"उशीर केलास, मुकुंदवाडी," ते म्हणाले. "तुला काय उरलं नाय आज. पाहुणा आला व्हता."

"जेवला का?"

"जेवला की!" मोठे बाबा म्हणाले, आणि भिंतीला टेकून निवांत बसले. "पोटभर जेवला. ताट पण धुवून ठेवलं लेकरानं."